व्हर्च्युअलबॉक्स, सिक्युअर बूट आणि दहा सेकंदांची निळी स्क्रीन

उबंटूवर व्हर्च्युअलबॉक्समधलं (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅममधलं) मशीन सुरू करायला जावं आणि 'कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड', कोड -१९०८, अशी पाटी समोर यावी. पाटी सांगते, डीकेएमएसचं, म्हणजे कर्नलसाठी (सिस्टीमच्या गाभ्यासाठी) ड्रायव्हरचं मॉड्यूल बांधणाऱ्या साधनाचं, पॅकेज पुन्हा टाका. माझा राग याच सल्ल्यावर आहे. सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेला कोड अडवणारी सोय, चालू असेल तर ते पॅकेज कितीही वेळा टाका, फरक पडत नाही. आणि सहीचा उल्लेख मात्र पाटीत खाली कुठेतरी.

आधी 'डीकेएमएस स्टेटस' बघा. चालू कर्नलपुढे 'इन्स्टॉल्ड' दिसलं तर मॉड्यूल बांधून तयार आहे. मग 'सुडो मॉडप्रोब व्हीबॉक्सड्रव्ह' द्या. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं उत्तर आलं की प्रश्न मिटला: अडलंय ते सहीपाशी. डीकेएमएस आपल्याच मशीनवर बनवलेल्या किल्लीने मॉड्यूलवर सही करतं, पण कर्नल त्या किल्लीला ओळखत नाही. ती ओळख 'एमओके' (मशीन ओनर की, म्हणजे मालकाने मान्य केलेल्या किल्ल्या) यादीत नोंदवावी लागते.

त्यासाठी 'सुडो मॉकयुटिल --इम्पोर्ट' आणि पुढे '/व्हार/लिब/शिम-साइन्ड/मॉक' या फोल्डरमधली 'एमओके.डीईआर' फाइल. पासवर्ड विचारला जातो. तो फक्त एकदाच, पुढच्या बूटला लागतो. आणि एवढ्याने किल्ली नोंदली जात नाही, नुसता अर्ज जातो.

खरी खिंड पुढे आहे. रीबूट केल्यावर निळी स्क्रीन येते, दहा सेकंद उलटी मोजते आणि कुठलंही बटण दाबा म्हणते. तेवढ्यात चहा आणायला गेलात, तर उबंटू निमूट सुरू होतो आणि अर्जही रद्द होतो. तसं कुठे सांगत मात्र नाही. पुन्हा इम्पोर्टपासून सुरुवात. बटण दाबलं तरी वरचा पर्याय 'कंटिन्यू बूट' हाच निवडलेला असतो. सवयीने एंटर मारलात की तेच. खाली येऊन 'एनरोल एमओके', मग 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड आणि शेवटी 'रीबूट'. पासवर्ड टाइप होताना दिसत नाही आणि कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा धरला जातो, म्हणून त्यात चिन्हं नकोत, लहान अक्षरं आणि आकडे पुरेत. ब्लूटूथ कीबोर्डवर विसंबू नका, वायरचा लावा. एसएसएचवरून (नेटवर्कने दूरच्या मशीनला जोडून) ही स्क्रीन दिसत नाही, तेव्हा दूरच्या मशीनवर कन्सोल, म्हणजे त्याची थेट स्क्रीन आणि कीबोर्ड, हाताशी असल्याशिवाय रीबूट करू नका.

'सिक्युअर बूटच बंद कर' असं सांगणारे भेटतात. तसं केलंत आणि सोबत विंडोज आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर ते रिकव्हरी की मागत बसतं. किल्ली एकदा नोंदली की कर्नल अपडेटनंतरही तीच चालते, मग बंद करायचं कशाला?

हो, 'डीकेएमएस स्टेटस'मध्ये नुसतं 'ॲडेड' असेल तर किल्लीचा काही संबंध नाही. बहुधा हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) नसतात. 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक' टाका, म्हणजे पुढच्या कर्नलबरोबर तेही येत राहतील. तरीही बांधणी फसली तर डीकेएमएसच्या फोल्डरमधलं 'मेक.लॉग' वाचा, कर्नल नवं आणि व्हर्च्युअलबॉक्स जुनं, हे नेहमीचं कारण.

मॉड्यूल चढलं आणि तरी 'व्हीएमएक्स रूट मोड'ची तक्रार आली, तर कर्नल ६.१२ किंवा पुढचं आहे का बघा. त्यात केव्हीएम (लिनक्सची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय) लोड होतानाच व्हीटी-एक्स (इंटेल प्रोसेसरमधली त्यासाठीची सोय) ताब्यात घेतं. तात्पुरतं 'सुडो मॉडप्रोब -आर केव्हीएम_इंटेल'. कायमचं हवं तर ग्रबच्या (बूटच्या वेळी कर्नल सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कर्नल ओळीत 'केव्हीएम.एनेबल_व्हर्ट_ॲट_लोड=०' घालून 'अपडेट-ग्रब' चालवा.