मधले नाव

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि आठवला तो आठवीतला मराठीचा एक तास. बाईंनी त्या दिवशी कविता शिकवलीच नाही. मालगुंडला १८६६ साली जन्मलेल्या कृष्णाजी केशव दामले यांनी ‘केशवसुत’ हे नाव का घेतले असेल, एवढेच विचारले. जुने जाळायला सांगणारा हा कवी नाव लावताना मात्र वडिलांचा मुलगाच राहिला, यातली गंमत त्या वयात कळली नाही. आपल्या रत्नागिरीचा माणूस पुस्तकात आहे, याचेच अप्रूप होते.

पुढे वाचन वाढले तसे एक खटकू लागले. यशवंतांची ‘आई’ आम्ही तोंडपाठ म्हणत असू, पण तिथे बोलतो तो आई गमावलेला मुलगा. आईबापांच्या बाजूने मोठ्या झालेल्या अपत्याकडे पाहणारी कविता शोधू गेले, तर ती बहुधा लेकीच्या पाठवणीपाशीच सापडते. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात कण्वांचा कंठ दाटून येतो आणि आपल्यासारख्या वनवासी माणसाची ही गत, तर संसारी बापांचे काय होत असेल, असे ते म्हणतात. ‘लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते’ ही बहिणाबाईंची ओळ मला त्याहून खोल वाटते. कारण तिथे रडणे नाही, लेक निघून गेल्यावरही आईने चालू ठेवलेले काम आहे.

मुलगा मुंबईला जातो, त्याची कविता मात्र मला क्वचितच भेटली. आणि कोकणात तर घरोघरी तोच प्रसंग. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, त्याच्या बऱ्याच आधी मी रातराणीने निघालो, तेव्हा स्टँडवर बाबांनी आमसुलांच्या पुडक्याची सुतळी तीनदा सोडून पुन्हा बांधली आणि गाडी हलल्यावर ‘पत्र टाक’ एवढेच म्हणाले.

गेल्या गणपतीत, ज्यांनी मला उभ्या जन्मात काही विचारले नव्हते, ते बाबा पडवीत शेजारी येऊन बसले.

“यंदा कलमं करारानं द्यायची काय रे?”

“तुम्हीच ठरवा.”

“मी ठरवायचं असतं तर तुला विचारलं कशाला असतं?”

हात थरथरतो, या सबबीवर करारपत्रावरची सहीही त्यांनी मलाच करायला लावली. नाव मात्र पूर्ण लिही, मधले गाळू नकोस, असे दोनदा बजावले.