लांडग्यावर बसलेला पाचवा

एम.ए.ला इंग्रजी कवी एडमंड स्पेन्सर शिकवायचा म्हटलं की मुलांचे चेहरे पडतात. आधीच सोळाव्या शतकातली इंग्रजी, त्यात या गृहस्थांनी हौसेने चौदाव्या शतकातल्या चॉसर या कवीच्या काळातले शब्द उकरून काढलेले. त्या दिवशी त्याच्या 'फेअरी क्वीन' या रूपकात्मक महाकाव्याच्या पहिल्या खंडातला चौथा सर्ग होता. गर्वाची राणी लुसिफेरा रथातून निघते. रथाला सहा जनावरं आणि प्रत्येकावर तिचा एकेक सल्लागार. गाढवावर आळस, डुकरावर खादाडपणा, असं करत पाचवा मत्सर येतो, लांडग्यावर बसून. तोंडात विषारी बेडूक, अंगरख्यावर डोळेच डोळे रंगवलेले, छातीशी दडवलेला साप. दुसऱ्याचं भलं दिसलं की याच्या डोळ्यांत पाणी, वाईट कानावर आलं की स्वारी खूश.

नेमकं त्याच सकाळी पूर्णवेळ पदाचा निकाल लागला होता. आम्ही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबणारे बरेच, जागा एक. ती मिळाली आमच्यातल्याच एका सरांना. स्टाफरूममध्ये पेढे फिरले आणि पाठोपाठ कुजबुजही. हे सर गरजू मुलांच्या परीक्षा फिया गुपचूप भरतात, सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर एक जण म्हणाले, "अहो, तेसुद्धा नाव व्हावं म्हणूनच." मी गप्प होते; पण ऐकायला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

आणि वर्गात पुढचं कडवं आलं: भुकेल्याला भाकरी देणाऱ्यालाही मत्सर नावं ठेवतो, म्हणतो, याची श्रद्धाच कच्ची म्हणून हा दान करतो. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाने आमच्या स्टाफरूमला कान लावला होता की काय! हाच मत्सर कवींच्या कवितेवरही विष ओकतो. तिथे स्पेन्सरची स्वतःची जखम बोलते, असं माझं मत.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे लिहिताना तो राहत कुठे होता?" तिचं गाव धरणात गेलेलं, त्यामुळे जमिनीचा विषय ती सोडत नाही. मी सांगितलं, आयर्लंडमध्ये. मन्स्टर प्रांतात बंड मोडल्यावर जप्त झालेल्या जमिनी इंग्रजांना वाटल्या, त्यातली सुमारे ३,००० एकर आणि किल्कोलमनचा किल्ला याच्या वाट्याला आला. १५९१ मध्ये राणी एलिझाबेथने वर्षाला ५० पौंडांचं मानधनही लावून दिलं. मग दैव फिरलं. १५९८ च्या आयरिश लोकांच्या उठावात किल्कोलमन जाळलं गेलं, हा पळून लंडनला आला आणि १५९९ च्या जानेवारीत गेला. वेस्टमिन्स्टर ॲबेत चॉसरजवळ पुरलाय.

"मग ज्यांनी जाळलं, त्यांना लांडग्यावर बसवायचं का?"

प्रश्न बिनतोड होता. वर बसलेल्याला खालच्याची तक्रार नेहमीच पोटदुखी वाटते. आमच्या रिकाम्या पदांबद्दल बोललं तरी हेच ऐकावं लागतं. सरांचा हेवा वेगळा आणि वर्षानुवर्षं न भरलेल्या जागांचा राग वेगळा, हे तिच्या प्रश्नाने मला लख्ख दिसलं.

मी सहावा वाचून दाखवला. सिंहावरचा क्रोध, हातात जळतं कोलीत, कपडे रक्ताने माखलेले, भर ओसरला की केल्या कृत्याचा पस्तावा करणारा.

"हाही नाही, मॅडम," ती म्हणाली. "ते कशाला पस्तावतील?"