प्रारूप विकास आराखडा आणि व्यापाऱ्यांची हरकत: कुठे काय लिहायचं

विकास आराखडा, म्हणजे शहरात कुठे रस्ता, कुठे शाळा, कुठे बाजार हे ठरवणारा नकाशा, मंजूर झाला की व्यापारी संघटनांची निवेदनं सुरू होतात. पालकमंत्र्यांना एक, आयुक्तांना एक, आमदारांना एक. तोवर वेळ निघून गेलेली असते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ऐकून घेण्याच्या जागा ठरलेल्या आहेत आणि त्यातली मोठी जागा कलम २६ची, म्हणजे प्रारूप (आराखड्याचा मसुदा) प्रसिद्ध झाल्यानंतर हरकती-सूचनांच्या मुदतीची. माझ्या मते संघटनांनी वर्षभराची सगळी ताकद या मुदतीसाठी राखून ठेवायला हवी.

खरं तर काम त्याच्याही आधी सुरू होतं. आराखडा करण्याचा इरादा कलम २३ खाली जाहीर होतो, मग विद्यमान भूवापराचं सर्वेक्षण होतं. चूक बहुतेक वेळा इथेच शिरते. हवाई छायाचित्रात छत दिसतं, छताखाली लेथ आहे की घर हे दिसत नाही. सर्वेक्षक आला तेव्हा शटर बंद असेल तर गाळा ‘निवासी’ म्हणून नोंदला जातो. मागची माल ठेवायची जागा ‘मोकळी’ ठरते. नियोजनकाराला शाळेसाठी, बागेसाठी, वाहनतळासाठी जागा हवीच असते आणि आरक्षण त्या मोकळ्या जागेवर पडतं. म्हणून भूवापर नकाशा पाहायला मिळाला की आपला गट किंवा सिटी सर्व्हे नंबर आधी शोधावा. पुरावा म्हणून वीजबिल (व्यापारी किंवा औद्योगिक वर्गवारीचं), शॉप ॲक्टची नोंद, उद्यम नोंदणी आणि बिगरनिवासी आकारणी दाखवणारी मिळकतकराची पावती जोडावी.

हरकत मोघम असेल तर तिचं काही होत नाही. ‘या रस्त्यामुळे व्यापाऱ्यांवर अन्याय होत आहे’ या वाक्यावर नियोजन समितीला कोणताच निर्णय घेता येत नाही. गट नंबर, नकाशाचा शीट क्रमांक, आरक्षण क्रमांक, प्रस्तावित रस्त्याची रुंदी आणि नेमकी मागणी (आरक्षण वगळा, रेषा उत्तरेला सरकवा, झोन बदला) एवढं पहिल्या पानावर असावं. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि मोजणीचा नकाशा मागे जोडावा. एका अर्जात एकच मुद्दा घ्यावा आणि आवक क्रमांकाची पोच घ्यावी. कलम २८ खालच्या समितीत स्थायी समितीचे ३ सदस्य आणि नियोजनाची जाण असलेले जास्तीत जास्त ४ जण असतात. सुनावणीत वेळ अगदी थोडा मिळतो. तिथे ‘रेषा ३ मीटर सरकवली तर समोर महापालिकेचीच जागा आहे’ असं रंगवलेल्या नकाशावर दाखवणाऱ्याचं म्हणणं नोंदलं जातं.

रस्त्याच्या रुंदीकडे व्यापाऱ्यांनी फक्त ‘दुकान जातं की राहतं’ एवढ्याच नजरेनं पाहू नये. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत (मुंबई वगळता बहुतेक राज्याला ती लागू आहे) एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा) रस्त्याच्या रुंदीला बांधलेला आहे. पुण्यासारख्या महापालिकेत, दाट वस्तीबाहेर, ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ १.१० वर थांबावं लागतं. ९ ते १२ मीटरला प्रीमियम (पैसे भरून घेतलेला जादा एफएसआय) आणि टीडीआर (दिलेल्या जागेच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) धरून २.०० पर्यंत जाता येतं, ३० मीटर आणि त्यापुढे ३.०० पर्यंत. त्यावर अनुषंगिक (जिने, बाल्कनी अशा भागांसाठीचा) एफएसआय वेगळा: निवासीला ६० टक्के, बिगरनिवासीला ८० टक्के. २०२० मध्ये पुणे महापालिकेने ६ मीटरचे तीनशेहून जास्त रस्ते ९ मीटर करण्याचा प्रस्ताव आणला, त्यामागचं गणित हेच.

या गणितात जमीनमालक तरतो आणि भाडेकरू दुकानदार बुडतो, ही माझी खरी तक्रार आहे. रस्त्यात गेलेल्या जागेचा टीडीआर मालकाच्या नावे निघतो. तीस वर्षं त्याच ओट्यावर धंदा करणाऱ्याचा समोरचा दीड मीटर जातो, गिऱ्हाईक उभं राहायची जागा जाते आणि त्याच्या हाती काहीच पडत नाही. संघटनेने हरकतीत पर्यायी गाळ्याची मागणी स्पष्ट लिहावी.

मालकांनीही टीडीआरचा आकडा बघून हुरळू नये. दाट वस्तीबाहेर जमिनीच्या दुप्पट हक्क मिळतो, पण तो वापरताना दोन्ही जागांच्या रेडीरेकनर (सरकारने ठरवलेल्या) दरांचं गुणोत्तर लागतं. १०० चौरस मीटर दिले, २०० चौरस मीटर टीडीआरचा दाखला मिळाला. दिलेल्या जागेचा दर ३०,००० आणि वापरायच्या जागेचा ६०,००० असेल तर प्रत्यक्षात १०० चौरस मीटरच बांधता येतात. दर दाखला निघाला त्या वर्षाचे धरतात.

छोट्या कारखान्यांचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या कुदळवाडी भागात भंगार गोदामं आणि छोट्या शेडवर मोठी कारवाई झाली. परवानगीशिवाय बांधलेली शेड हरकतीने वाचत नाही, आणि वाचावी असंही मी म्हणणार नाही. पण दोन गुंठ्यांची शेड लागणाऱ्याला एमआयडीसीचा मोठा भूखंड परवडत नाही, आणि मोठ्या कारखान्यांचे सुटे भाग तर याच शेडमध्ये बनतात. १०० ते २०० चौरस मीटरच्या गाळ्यांसाठी आराखड्यात जागाच नसेल तर हे लोक पुन्हा निवासी पट्ट्यातच जाणार. अशा जागेची मागणी करताना गट नंबर सुचवावा, ट्रक वळेल एवढा रस्ता दाखवावा, सांडपाण्याची सोय लिहावी.

जुनं आरक्षण वर्षानुवर्षं पडून असेल तर कलम १२७ आहे. अंतिम आराखडा अमलात येऊन १० वर्षं झाली आणि जमीन घेतली नाही, तर मालकाला किंवा हितसंबंधिताला नोटीस देता येते. नोटिशीबरोबर मालकी किंवा हितसंबंधाची कागदपत्रं हवीतच. ती नसली की नोटीस सदोष ठरवली जाते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठीचं ठोस पाऊल पडलं नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. नुसता प्रस्ताव वर पाठवणं म्हणजे पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ मध्ये सांगितलं आहे. आरक्षण उठल्याचा आदेश राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यायला विसरू नये, नाहीतर बांधकाम परवानगीच्या टेबलावर फाइल पुन्हा अडते.

शासन आराखडा मंजूर करताना त्यात मोठे फेरबदल सुचवतं, तेव्हा तेवढा भाग वेगळा काढून त्यावर पुन्हा हरकती मागवल्या जातात. याला ईपी (एक्सक्लुडेड पार्ट, म्हणजे वगळलेला भाग) म्हणतात. मूळ आराखड्यात सुरक्षित असलेलं दुकान ईपीमध्ये नव्या रस्त्यात जाऊ शकतं. म्हणून मंजुरीची बातमी आली की अधिसूचनेबरोबरचं ईपीचं परिशिष्ट ओळीनं वाचावं आणि आपल्या पेठेतला प्रत्येक क्रमांक नकाशावर ताडून पाहावा.