वेंगुर्ल्याचा सिंधू

सावंतवाडीहून एसटीनं वेंगुर्ल्यात पोचले तेव्हा अंधार पडला होता. जानेवारीचा दुसरा आठवडा होता आणि खिडकीतून मोहराचा वास वाटभर सोबतीला होता. बंदरावर जायचा मोह आवरून लवकर झोपले. आंब्याची फुलं भल्या सकाळी उमलतात आणि मला ती उमलतानाच गाठायची होती.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र इथे आहे. काजूच्या बागायतदारांना वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही नावं पाठ असतात, ती इथलीच. मला ओढ होती आंब्याची. लहानपणी अक्षय्य तृतीयेला आजी पहिला हापूस कापायची आणि पुष्कळदा आत साका निघायचा. बाहेरून सोन्यासारखं फळ, आणि कोयीभोवती पांढरट, भुसभुशीत, बेचव गर. आजी मुकाट्यानं दुसरं फळ घ्यायची. तिचा तो चेहरा मी विसरलेले नाही.

बागेत एक काका शिडीवर उभे होते, हातात बारीक चिमटा. मोहराच्या एका तुऱ्यावर शेकड्यांनी, कधी हजारांनी फुलं असतात, पण त्यातली बहुतेक नर. फळ धरू शकेल असं फूल हेरायचं, त्यातला पुंकेसर फुटण्याआधी खुडायचा, दुसऱ्या जातीचा पराग लावायचा आणि तुऱ्यावर पिशवी बांधायची. हे उन्हं चढायच्या आत. मी खालून पिशव्या देत होते.

"शंभरात एकादो आंबो हाताक लागलो तरी देव पावलो म्हणायचा," काका म्हणाले.

आणि तो एक आंबा लागला, तरी त्यात कोय एकच. वाटाण्याची एक शेंग पाच-सहा दाणे देते आणि काही महिन्यांत पुढची पिढी दाखवते. इथे एका फळामागे एक रोप, आणि त्याला फळ धरेपर्यंत वर्षांमागून वर्षं. त्यातली बहुतेक रोपं शेवटी नापासच. कोकणातला प्रत्येक खरा हापूस हे कलम आहे, म्हणजे एकाच झाडाचा पसारा. त्याची कोय लावली तर हापूस येत नाही. नवं काही हवं असेल तर मात्र कोयीच्याच वाटेनं जावं लागतं.

त्या वाटेनं इथल्या लोकांनी नीलम आणि हापूसचा संकर करून 'रत्ना' काढला. तो १९८१ साली शेतकऱ्यांना मिळाला. त्यात साका होत नाही. मग रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर केला आणि १९९२ साली 'सिंधू' आला. त्याची कोय अगदी पातळ, आतला दाणा खुंटलेला.

साक्याचं मूळही कोयीतच आहे, हे बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. फळ झाडावर असतानाच आतली कोय रुजायची तयारी करू लागते आणि भोवतालच्या गराची नासाडी होते. हे वाचलं तेव्हा मला आजीच्या ताटातला तो आंबा पहिल्यांदा समजला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं तर देवगड, वेंगुर्ला आणि दापोलीच्या हापूसचे सुगंधी घटक शेजारीशेजारी ठेवून तपासले आहेत. झाड तेच, पण माती-हवा बदलली की गंधातही फरक पडतो.

मे महिन्यात मी परत गेले, ती सिंधूसाठीच. गावच्या बाजारात दोन फेऱ्या मारल्या, सगळीकडे हापूसच्या पेट्या. सिंधू मागितला की लोक हापूसच पुढे करत. इतक्या वर्षांच्या कष्टाचं फळ त्याच गावच्या बाजारात मिळू नये याचं मला फार वाईट वाटलं. शेवटी काकांनीच दोन फळं दिली.

सुरी चालवताना सवयीनं हात जड ठेवला, कोयीला अडेल म्हणून. ती जवळजवळ आरपार गेली. आत गर्द केशरी गर, सालीपासून सालीपर्यंत. गोडी हापूसच्या जवळची, वास थोडा सौम्य.

कोय धुऊन बघितली. चपटी, हलकी, बोटांनी दाबली की वाकणारी. ती लावून काही उगवायचं नाही. म्हणून केंद्राच्या रोपवाटिकेतून दोन कलमं घेतली आणि सावंतवाडीपर्यंत एसटीत मांडीवर धरून आणली.