पाकिटावरची बारीक अक्षरं

"वाच की, काय लिवलंय त्याच्यावर?"

बांधावर पडलेलं दारूचं पाकीट मामांनी माझ्या हातात दिलं. नव्वद मिलीचं, चिखलानं माखलेलं, एक कोपरा दातांनी फाडलेला. लांबून बघितलं तर पोरांचं आंब्याच्या रसाचं पाकीटच वाटावं.

अंगठ्यानं चिखल पुसला. इशारा सापडला, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. मराठीत सांगितलं, "दारू पिणं तब्येतीला वाईट. पिऊन गाडी चालवू नका."

मामा हसले. "गाडी कुठं हाय माझ्याकडं? म्हंजे मला चालतंय म्हण की!"

काय बोलणार? आम्ही बेळगावकर पाट्यांच्या भाषेवरून जन्मभर भांडतोय, खरं ह्या पाटीचं कुणाला पडलंय?

'थोडी घेतली तर काय होतंय' असं मीही म्हणत आलोय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, दारूचं सुरक्षित असं प्रमाणच नाही. यकृताचं सगळ्यांना ठाऊक असतं. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कॅन्सर? त्या दोन ओळींत त्याचं नावही नाही.

मामांनी पाकीट परत घेतलं, पुसून खिशात घातलं.

"नातीला दावतो. ती वाचतीय इंग्रजी."