तुम्ही विचारलंत म्हणून : हसवल्याने विषय हलका होत नाही का?

पर्यावरणावरची एखादी कादंबरी सुचवा म्हटलं, की मी कार्ल हायासन या अमेरिकन विनोदी कादंबरीकाराचं नाव घेते. वाचून झाल्यावर बहुतेक जण एकच विचारतात : तिकडे फ्लोरिडाची दलदल मरतेय आणि हा माणूस हसवतोय, विषय हलका नाही का होत?

नाही होत. का, ते सांगायला आधी फॉस्फरसकडे जावं लागेल.

दक्षिण फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सला दलदल म्हणतात खरं, पण ती कित्येक मैल रुंद, उथळ आणि अगदी संथ वाहणारी नदीच आहे. तिच्यात सॉग्रास नावाचं, करवतीसारख्या धारेचं गवत वाढतं. त्याला फॉस्फरस जवळजवळ नसलेलंच पाणी मानवतं. वरच्या अंगाला उसाची शेतं आहेत. तिथलं खताचं पाणी उतरत आलं की सॉग्रास मागे हटतं आणि पाणकणीस माजतं, इतकं दाट की पाणपक्ष्यांना उतरायला मोकळं पाणी उरत नाही. म्हणून तिथल्या पाण्यात फॉस्फरसची मर्यादा अब्ज भागांत फक्त १० भाग ठेवली आहे. आता हे प्रदूषण ना डोळ्यांना दिसतं, ना नाकाला कळतं. त्याचा राग यावा कसा?

२००४ च्या 'स्किनी डिप'मध्ये हायासन तो आकडा खोटा लिहिणारा माणूसच आपल्यासमोर आणून उभा करतो. चॅझ पेरोन पाण्याचे नमुने तपासायला नेमलेला जीवशास्त्रज्ञ. एका बड्या शेतमालकाचे पैसे खातो आणि आकडे कमी दाखवतो. बायकोला हे कळलं असावं असं वाटताच तिला जहाजावरून समुद्रात फेकतो. ती पट्टीची पोहणारी, ती वाचते. आणि गल्फ स्ट्रीम हा समुद्रातला प्रवाह कुठल्या दिशेला वाहतो, हे या समुद्राच्या अभ्यासकाला ठाऊक नसतं! त्याची फजिती पाहायला आपण पानं उलटत राहतो, आणि पुस्तक मिटतो तेव्हा फॉस्फरस कळलेला असतो. अहवाल वाचून मला तो कधी इतका कळला नव्हता.

ही माणसं त्याने नुसती कल्पनेतून काढलेली नाहीत. १९७६ मध्ये तो 'मायामी हेराल्ड'मध्ये बातमीदार झाला आणि १९८५ पासून २०२१ पर्यंत तिथे स्तंभ लिहिला. जमिनींचे सौदे, बिल्डर आणि पुढारी त्याने जवळून पाहिले होते. त्याच्या कादंबऱ्यांतला लाच न घेणारा गव्हर्नर, स्किंक, खुर्ची सोडून रानात निघून जातो आणि रस्त्यावर गाडीखाली मेलेली जनावरं खाऊन जगतो. मला तो विक्षिप्त वाटत नाही, दुःखी वाटतो.

मुलांसाठी विचारत असाल तर २००२ ची 'हूट' द्या. पॅनकेकचं हॉटेल बांधायच्या जागेवर बिळांत राहणारी घुबडं आहेत, जेमतेम वीतभर उंचीची. ती वाचवायला एक मुलगा मोजणीच्या खुंट्या उपटतो. लहानपणी हायासनने मित्रांबरोबर खरोखरच अशा खुंट्या उपटल्या होत्या. पुस्तकातले मोठे लोक पोट धरून हसायला लावतात. घुबडं आली की मात्र त्याचं लिहिणं हळुवार होतं.