ग्रहणाचा काय संबंध?

आज ताईसोबत भाचीला घेऊन ऑर्थोच्या ओपीडीत गेले होते. भाचीला ऑलियर डिसीज आहे. हाडांच्या आत कूर्चेच्या गाठी होतात, कॅन्सरच्या नव्हेत. लाखात साधारण एकाला. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड राहतोय.

ताईने शेवटी विचारलंच, "गरोदरपणी माझं काही चुकलं का हो?" डॉक्टर म्हणाले, "अजिबात नाही. हे आईवडिलांकडून येत नाही. बाळाच्याच काही पेशींत आयडीएच नावाच्या जनुकात आपोआप बदल होतो, २०११ मध्ये ते सापडलं." ताई तिथेच रडली. (ग्रहणात भाजी चिरलीस म्हणून तिला ऐकवणाऱ्या समस्त काकू-माम्यांनी हे दोनदा वाचावं.)

लक्ष मात्र कायम ठेवायचं. मोठेपणी एखादी गाठ कॅन्सरची होऊ शकते. दुखायला लागली, वाढली की लगेच दाखवायचं.

पुढे पाय लांब करायचं ऑपरेशन. हाड कापून बाहेरून फ्रेम लावतात, दिवसाला साधारण १ मिलिमीटर. भाचीचा हिशेब तयार: "४ सेंटिमीटरला ४० दिवस, मग मे महिन्यात करू!" हाड भरेपर्यंत फ्रेम आणखी काही महिने राहणार म्हटल्यावर म्हणे, "मग गॅदरिंगला मी रोबोट."